उत्तरेचे हुद्दारकाका

हुद्दारकाकांच्या बेसमेंटमध्ये राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते धाडधाड जिना उतरून आले, माझ्या दारावर थाप मारली आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "समीर, बातमी वाईट आहे. आपण हरलो."

मी दात घासत होतो. तोंडातला फेस सांभाळत विचारलं, "कोणाकडून?"

"दक्षिणेकडून."

"साउथ आफ्रिका? काल मॅच होती?"

"कसली मॅच? बुल रनला हरलो."

"किती रन?"

काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नवा भाडेकरू परत पाठवता येतो का, असा काहीसा विचार त्यांच्या मनात चालला असावा. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "चहाला वर ये. तुझं सगळंच राहिलंय."

चहा पिता पिता मला कळलं की बुल रन नावाचा एक ओढा अमेरिकेत आहे, त्याच्या काठी दीडशे वर्षांपूर्वी लढाई झाली, आणि ती बघायला वॉशिंग्टनचे लोक डबे घेऊन सहलीला गेले होते. उत्तरेची फौज पळाली, तेव्हा डबेवालेही पळाले. "डबे तिथेच राहिले," काका हळहळले. गुलामगिरी ठेवायची म्हणून दक्षिण फुटून निघाली, उत्तरेने तिला फुटू दिलं नाही, चार वर्षं यादवी, म्हणजे सिव्हिल वॉर, चालली आणि शेवटी उत्तर जिंकली, एवढं बाकीच्या जगासाठी पुरेसं होतं. काकांसाठी ते युद्ध संपलेलंच नव्हतं. ते रोजच्या तारखेला चालू होतं, आणि काका उत्तरेच्या बाजूने होते.

मी नाशिकचा. कॅनडात स्कारबरोला सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि जागा शोधताना हुद्दारांच्या घराचा पत्ता मिळाला. पत्ता देणारा फक्त एवढंच म्हणाला होता, "माणसं देवमाणसं आहेत. पण काकांना 'आज काय विशेष?' असं विचारू नकोस."

कारण रोजच काहीतरी विशेष असायचं. चार वर्षांच्या लढाया एकाच कॅलेंडरात बसवलेल्या, त्यामुळे सकाळी एका वर्षातला पराभव आणि संध्याकाळी दुसऱ्या वर्षातला विजय, असा मनाचा गोंधळ काका वर्षानुवर्षं सोसत आले होते. एक जुलैला कॅनडा डे. सगळी गल्ली फटाके उडवत असायची आणि काका डेकवर चिंतातूर होऊन येरझारा घालायचे, कारण गेटिसबर्गच्या लढाईचा पहिला दिवस उत्तरेला वाईट गेला होता. चार जुलैला मात्र घरात श्रीखंड. त्या दिवशी दक्षिणेचं व्हिक्सबर्ग पडलं. शेजारच्या चिनी आजोबांची समजूत अशी की हुद्दार हे मूळचे अमेरिकन असून त्यांचा स्वातंत्र्यदिन साजरा करतात. काकूंनी ती कधी दूर केली नाही. त्यांच्या मते खरं कारण सांगण्यापेक्षा हे बरं होतं.

बेसमेंटमध्ये माझ्या खोलीला लागून एक टेबल टेनिसचं टेबल होतं. त्याच्यावर व्हर्जिनिया पसरलं होतं. हिरव्या कापडाच्या टेकड्या, निळ्या लोकरीच्या नद्या. उत्तरेची फौज काबुली चण्यांची, दक्षिणेची राजम्याची, तोफा म्हणजे लवंगा. पहिल्या हिवाळ्यात एका शनिवारी बाहेर हिमवादळ होतं, घरात खायला काही नव्हतं आणि काका-काकू देवळात अडकले होते. मी टेबलाच्या कडेला वाटीत ठेवलेले चणे उचलले, भिजवले, आणि छान छोले करून खाल्ले.

काका परत आले. ते टेबलापाशी गेले. मग आवाज आला, "समीर, पोटोमॅक नदीपाशी दोन डिव्हिजन राखीव होत्या. कुठे गेल्या?"

मी कबूल केलं. लवंगाही त्याच्यातच गेल्याचं कबूल केलं.

"तोफखान्यासकट?" काका मटकन खाली बसले. त्यांनी मला आल्या आल्या लेफ्टनंट केलं होतं. त्या दिवशी माझा साधा शिपाई झाला. पुढे ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला की बढती आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला विसरलं की पदावनती, असं माझं लष्करी आयुष्य चालू राहिलं.

काकांना सगळं चालायचं, चूक चालायची नाही. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी आपापसात बोलताना लढाईचं साल चुकलं, तर काका मोदकाची रांग सोडून, तीन रांगा ओलांडून ते दुरुस्त करायला यायचे. एकदा अमेरिकेच्या सीमेवर अधिकाऱ्याने विचारलं, "कशासाठी चाललात?" काका म्हणाले, "रणांगण पाहायला. आम्ही तिथे जिंकलो." अधिकारी म्हणाला, "आम्ही म्हणजे कोण?" पुढचे दोन तास काका त्याला ते सांगत बसले आणि काकू गाडीत दशम्या खात बसल्या. तेव्हापासून सीमेवर बोलायचं काम काकूंकडे आहे.

आणखी एक गोष्ट. काकांच्या युद्धात एकाही सेनापतीला नाव नव्हतं. एक होते चिरूटवाले, मितभाषी, शेवटी जिंकणारे. एक गालमिशा, ज्यांनी उत्तरेची माणसं उघड्या टेकडीवर चढवून मारली. दक्षिणेचे मुख्य म्हणजे करड्या घोड्यावरचे. त्यांचा उजवा हात लिंबूवाले, ज्यांना अंधारात त्यांच्याच माणसांच्या गोळ्या लागल्या. आणि सगळ्यात वर, काकांच्या रागाचं कायमचं माहेरघर, तयारीवाले.

तयारीवाले हे उत्तरेचे सेनापती. फौज मोठी, देखणी, रोज कवायत, बटणं चकचकीत. फक्त लढायचं नाव नाही. समोर शत्रू दिसला की तो आपल्या दुप्पट आहे असं त्यांना वाटायचं आणि ते आणखी माणसं मागायचे. एकदा दक्षिणेने लाकडाचे ओंडके काळे रंगवून तटावर ठेवले. तयारीवाले त्या तोफांना भिऊन महिनोन्‌महिने बसून राहिले. "ओंडक्यांना भिऊन!" काका हे सांगताना हातातली कपबशी अशी आपटायचे की काकूंनी त्यांना स्टीलचा पेला दिला होता. "अरे, हल की! जागचा हल! माणूस हरला तरी चालेल, पण हलला पाहिजे!"

हे वेड लागलं कसं, ते काकांनी मला स्वतःच सांगितलं. सत्तर सालच्या आसपास ते सांगलीहून इंजिनियर होऊन इथे आले. नोकरी नाही, ओळख नाही, बाहेर बर्फ. फुकट ऊब मिळायची ती एकाच ठिकाणी, लायब्ररीत. इथल्या परीक्षेची पुस्तकं पाहावीत म्हणून ते काउंटरवरच्या बाईंकडे गेले आणि आपण कॉलेजात सांगतो तसं सरळ सांगितलं, "आय ॲम सिव्हिल."

बाई म्हणाल्या, "थँक यू. सो ॲम आय."

काकांना आनंद झाला. बाई असून सिव्हिलच्या! मग त्यांनी विचारलं, "व्हेअर इज सिव्हिल?" बाईंनी त्यांना प्रेमाने एका मोठ्या कपाटापाशी नेऊन सोडलं. सगळ्या पुस्तकांवर मोठ्या अक्षरात 'सिव्हिल' लिहिलेलं होतं. काकांनी त्यातलं जाडजूड पाहून एक घरी आणलं.

"पहिल्या प्रकरणात पूल होता," काका म्हणाले. "मला वाटलं, बरोबर आहे. दुसऱ्या प्रकरणात तो पूल कुणीतरी उडवला. तेव्हा जरा शंका आली."

पुढच्या वर्षी लग्न करून ते सुमतीकाकूंना घेऊन आले. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, टीव्ही कळत नव्हता, आणि खिडकीतून एकही माणूस चालताना दिसायचा नाही. काका रोज संध्याकाळी त्यांना युद्ध सांगायला लागले. इंग्रजी नावं काकूंच्या लक्षात राहत नव्हती म्हणून एकेकाचं बारसं केलं. काकू भाकऱ्या थापता थापता विचारायच्या, "मग काल चिरूटवाले नदीपाशी अडकले होते, त्यांचं काय झालं?"

"दुसरं काय सांगणार होतो तिला?" काका मला म्हणाले. "माझ्याकडे तेवढंच होतं."

त्यांची एकुलती एक मुलगी अनघा किचनरला राहते. दिवाळीला ती तिच्या सात वर्षांच्या ताराला घेऊन आली. तारा टेबलावरच्या चण्यांना हात लावायची, काका ओरडायचे नाहीत, उलट तिला कर्नल म्हणायचे. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. फक्त मी बाहेर कचरा ठेवायला गेलो तेव्हा कोपऱ्यावर एक निळी गाडी उभी दिसली. आत एक उंचपुरा काळा माणूस पेपर तपासत बसला होता. मी परत आलो तर काका वरच्या खिडकीत पडद्याआड दुर्बीण लावून उभे.

"काय बघताय, काका?"

ते दचकले. मग दुर्बीण खाली न घेता म्हणाले, "काही नाही. टायर बघतोय. विंटर टायर्स बसवलेत त्याने. बरं केलं. ४०१ हायवेवर काल ब्लॅक आइस होता, डोळ्याला न दिसणारा बर्फ."

तो माणूस म्हणजे मार्कस, अनघाचा नवरा, काकांचा जावई. किचनरच्या शाळेत गणित शिकवायचा. दर दिवाळीला तो बायको-मुलीला इथवर आणायचा, चार तास गाडीत बसायचा आणि घेऊन जायचा. लग्नाला दहा वर्षं झाली होती, तो या घराचा उंबरा ओलांडून आत आला नव्हता.

का, ते मला काकूंनी सांगितलं. पहिल्यांदा अनघा त्याला घरी घेऊन आली तेव्हा आधीच हुशारीने म्हणाली, "बाबा, मार्कसचे खापरपणजोबा तुमच्या युद्धात लढलेत. उत्तरेकडून." तिला वाटलं, बाबा विरघळतील. बाबांनी चष्मा पुसला, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणती पलटण?"

मार्कसला माहीत नव्हतं. त्याने त्याच्या आजोबांकडून गोष्ट ऐकलेली, तेवढीच.

"पलटण माहीत नसेल तर खरं कशावरून?" काका म्हणाले.

मार्कस उठला. अगदी शांतपणे त्याने काकूंना चहाबद्दल थँक यू म्हटलं आणि कोट घालून निघून गेला. मागाहून अनघाला एवढंच म्हणाला, "मी तुझ्या घरी जेवायला आलो होतो. परीक्षेला नाही." काका लग्नाला गेले नाहीत. सर्दी झाली म्हणून सांगितलं.

"पलटण हे निमित्त होतं रे," काकू मेथी निवडत म्हणाल्या. "जावई काळा आहे, हे पचत नव्हतं. ज्या माणसाने माझ्याच स्वयंपाकघरात बसून गुलामांच्या बाजूने इतकी वर्षं लढाई केली, त्याला तसं तोंडाने म्हणायची लाज वाटली. म्हणून पलटण विचारली." त्यांचा आवाज जराही चढला नाही. मला मात्र मेथीकडेच बघत बसावंसं वाटलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, जावयाचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला बोलवायचं, जेवू घालायचं, तीस-तीन अनारशांचं वाण द्यायचं. सकाळच्या चहाला काकूंनी जाहीर केलं, "लग्न झाल्यापासून तीन धोंडे कोरडे गेले. चौथा जाऊ देणार नाही. मार्कसला बोलवायचं. आणि फोन तुम्ही करायचा."

काका म्हणाले, "बोलवू की. नाही कोण म्हणतंय? पण तयारी नको का?"

आणि तयारी सुरू झाली. आधी डेकची फळी बदलायला हवी. मग वॉशरूमचा नळ. मग चांदीचं ताट मिसिसागाहून कुणाकडून तरी मागवायला हवं. मग मार्कसला तिखट कितपत चालतं याची अनघाकडून गुप्त माहिती काढायला हवी. मग म्हणाले, पंधरा खुर्च्या भाड्याने आणू.

"अहो, तो एकटा येणार आहे," काकू म्हणाल्या. "फौज घेऊन नाही येत."

"एकटा येईल कशावरून? त्याला भाऊ आहेत दोन."

"फोन कधी करताय? मला उत्तर द्या."

"उत्तर तयारीत आहे," काका म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. "बरं. मग आजपासून मी युद्ध ऐकणार नाही. फोन होईपर्यंत."

व्हिक्सबर्गच्या वेढ्यात लोकांनी खेचरं खाल्ली होती. काकांचे हाल त्याहून वाईट झाले. चहा मिळत होता, जेवण मिळत होतं, ऐकणारं माणूस मिळत नव्हतं. काका "आज चिरूटवाले..." म्हणायचे, की काकू मिक्सर लावायच्या. मग काकांनी मला धरलं, मी ऑफिसच्या मीटिंगची सबब सांगून सटकलो. पोस्टमनला धरलं, त्याने पत्रं फाटकावरूनच टाकायला सुरुवात केली. एका संध्याकाळी काका डेकवर एकटेच बोलताना ऐकू आले. मी डोकावलो, तर कठड्यावर कचरा उकरायला येणारा एक जाडा रॅकून बसला होता आणि काका त्याला डावी बगल समजावून सांगत होते. रॅकूनही शेवटपर्यंत थांबला नाही.

आठवडाभराने काका चिडले. "सुमती, हे फार होतंय! मी म्हटलंय ना करतो फोन. सगळं नीट झाल्याशिवाय कसा करू? त्याने नाही म्हटलं तर? वर आणखी काही बोलला तर?"

काकू पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. "कळलं मला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ज्यांना शिव्या घालताय ना, ते तयारीवाले, ते दुसरे कुणी नाहीत. तुम्हीच आहात. एक फोन करायचा तर ओंडक्याला घाबरता."

काका उठून खाली निघून गेले. जेवलेही नाहीत. मी खाली गेलो तर ते टेबलापाशी उभे होते आणि हातातला एक चणा नुसताच बोटांत फिरवत होते. मला हसू आलं होतं, ते विरून गेलं.

रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "गाडी काढ. लांब जायचंय. काकूला सांगू नकोस."

मागच्या सीटवर त्यांनी बादली, पाण्याचे दोन कॅन आणि एक मऊ ब्रश ठेवला. आम्ही ४०१ धरून पश्चिमेला निघालो. किचनरचा एक्झिट आला तेव्हा काका दुसरीकडे बघत होते. चॅटमच्या पुढे, नुकत्याच नांगरलेल्या शेतांमध्ये एक छोटं चर्च होतं आणि मागे जुनी दफनभूमी. काका न चुकता एका दगडापाशी गेले. दगड साफ होता, नवाच असावा असा. तरी त्यांनी कोट काढला, गुडघे टेकले आणि पाणी घालून अक्षरांमधली माती काढायला लागले. "तारेचा ब्रश कधी लावू नये," ते म्हणाले. "चुनखडीचा दगड आहे, जातो."

मी नाव वाचलं. एलायजा. खाली पलटण.

"मार्कसचे?" मी विचारलं.

"दोन वर्षं शोधत होतो. केंटकीहून पळून आला होता. अंडरग्राउंड रेलरोडने, म्हणजे गुलामांना घरोघर लपवत इथवर पोचवणाऱ्यांच्या साखळीने." मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "तुला सांगतो, मी सिव्हिलचा ना, मला आधी वाटलं खरंच भुयारी रेल्वे! म्हटलं, त्या काळात एवढा बोगदा खणला कुणी? चार महिने मी त्याचा नकाशा शोधत होतो." आणि हसता हसता ते थांबले. "इथे सुखरूप पोचला होता बघ. शेत मिळालं होतं. तरी नदी ओलांडून परत गेला आणि मिशिगनमध्ये काळ्या सैनिकांची पलटण उभी राहिली, तिच्यात भरती झाला. दक्षिण कॅरोलायनात हनी हिलला तोफा ओढणारे घोडे मेले, तेव्हा ह्या लोकांनी गोळीबारात हातांनी ओढून तोफा मागे आणल्या. लोकांना फक्त गेटिसबर्ग माहीत असतं. गेटिसबर्गच्या वेळी ही पलटण जन्मालाही आली नव्हती!"

"मग काका, हे मार्कसला सांगा ना. खूश होईल तो."

"काय सांगू?" काका दगडाकडे बघत म्हणाले. "तुझ्या घराण्याची मी चौकशी केली, तुम्ही पास झालात, आता जेवायला या? असं?"

मी बादली उचलली. परतीच्या वाटेवर किचनरचा एक्झिट जवळ आला, तसे काका म्हणाले, "गाडी जरा बाजूला घे." पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. काका खाली उतरले, खिशातून फोन काढला, दोनदा परत ठेवला, तिसऱ्यांदा लावला. मला काचेतून फक्त दिसत होतं. ते अटेंशनमध्ये उभे होते. परत येऊन पट्टा लावत म्हणाले, "शनिवारी येतोय. थेट विचारलं त्याने, 'देअर विल बी नो टेस्ट?' म्हटलं, नो टेस्ट."

पुढचा आठवडा अनारशांचा. तांदूळ भिजले, सुकले, कुटले गेले, गुळात मळून मुरले. शुक्रवारी पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. म्हणजे विरघळून कढईभर झाला. दुसराही हसला. "शत्रूच्या गोटातही एवढं कुणी हसलं नसेल," काका म्हणाले, तेव्हा काकूंनी त्यांना झारा दाखवून स्वयंपाकघराबाहेर काढलं. पण त्यांचं युद्ध ऐकणं पुन्हा सुरू झालं होतं. काका दाराबाहेर उभं राहून चिरूटवाल्यांची हकिकत सांगत होते, काकू आतून "हं, हं" करत होत्या, आणि सातव्या खेपेला अनारसे जमले.

शनिवारी काका सकाळपासून कपड्यांवर अडून होते. म्हणे, शरणागतीच्या दिवशी करड्या घोड्यावरचे कडक पोशाखात आले होते आणि चिरूटवाले चिखलाच्या बुटांनी. "यजमानाने कोणाचं अनुकरण करावं?" शेवटी त्यांनी लग्नातला सूट घातला. बटण लागलं नाही. निळी गाडी आली, ती पहिल्यांदाच कोपऱ्यावर न थांबता थेट ड्राइव्हवेत. मार्कस उतरला, तोही सूटमध्ये. तारा दोघांकडे बघून ओरडली, "आजोबा! हू डाइड?"

काकूंनी पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. मार्कसचे गुडघे पाटावर मावेनात, ते दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकायला निघाले. काकूंनी ओवाळलं, चांदीच्या ताटातलं वाण त्याच्या हातात दिलं. तो गोंधळून अनघाकडे बघायला लागला. अनघा म्हणाली, "जस्ट होल्ड इट. यू आर गॉड टुडे." मार्कस हसला. मग जेवण सुरू झालं. काकांनी ४०१वरच्या ट्रॅफिकची चौकशी केली. ट्रॅफिक बरा होता. हवेची केली. हवाही बरी होती.

काकांनी हात ताटावर थांबवला. ते इंग्रजीत बोलले, हळू, एकेक शब्द ठेवत. "मार्कस, त्या दिवशी मी चुकीचा प्रश्न विचारला. घरी आलेल्या माणसाला पलटण विचारत नाहीत. आधी नाव विचारतात. मला सांगशील? तुझ्या खापरपणजोबांचं नाव काय होतं?"

मार्कसने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "एलायजा."

"एलायजा," काका म्हणाले, जणू आत्ताच ऐकलं.

मग मार्कस बोलायला लागला. आजोबांनी त्याला लहानपणी सांगितलं होतं, तसंच त्याने सांगितलं. युद्ध संपल्यावर एलायजा पायी घरी आला. इतका वाळला होता की दारातल्या कुत्र्याने त्याला ओळखलं आणि बायकोने नाही. बोलता बोलता मार्कसचा आवाज मोकळा झाला, हातातला घास हवेत राहिला. तो म्हणाला, "आजोबा नेहमी सांगायचे, एलायजा गेटिसबर्गला होता. अगदी पुढच्या रांगेत."

काकूंच्या हातातला डाव आमटीत थांबला. अनघाने डोळे मिटून घेतले. काकांचा चेहरा लाल झाला, ओठ उघडले, मान पुढे आली. मोदकाची रांग सोडून येणारा माणूस तो. सगळ्या खोलीला माहीत होतं, आता काय होणार.

काकांनी पाण्याचा एक मोठा घोट घेतला.

"असेल," ते म्हणाले. "शूर माणूस दिसतो. पुढच्याच रांगेत असेल."

"चॅटमजवळ आहे त्यांचा दगड," मार्कस म्हणाला. "मी दहा वर्षांचा असताना गेलो होतो. आता तर शेवाळाने वाचताही येत नसेल."

"नसेल येत," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं. "मी कधी पाहिला नाही. मला नेशील?"

"शुअर," मार्कस म्हणाला. "पुढच्या रविवारी?"

काकांनी नुसती मान हलवली. मी माझ्या ताटात बघत राहिलो, कारण वर बघितलं असतं तर मी रडलो असतो. मग काकांनी नाक शिंकरलं आणि एकदम आवाज चढवला, "अगं सुमती, लक्ष कुठे आहे तुझं? जावयांचं पान रिकामं आहे. वाढ की!"